चढणीच्या पाण्याचा हिशेब

दख्खनच्या नद्यांतले मासे का घटले, असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते: धरणांनी पाणी अडवले, उसाने ते पिऊन टाकले, नदी उन्हाळ्यात कोरडी पडली आणि मासे गेले. उपायही ठरलेलाच. उन्हाळ्यात नदीत थोडे पाणी सोडा. त्यावर शेतकरी लगेच विचारतो, कुणाच्या वाट्याचे? आणि वाद तिथेच रुतून बसतो. इतिहास तपासला तर या वादाचा पायाच कच्चा दिसतो. भीमा, नीरा, मुठा, सीना या नद्या धरणे नव्हती तेव्हाही चैत्र-वैशाखात आटत असत. बर्फाचा आधार नसलेल्या, चार महिन्यांच्या पावसावर वर्ष काढणाऱ्या या नद्या. उन्हाळ्यात त्यांचे पात्र म्हणजे वाळू, खडक आणि मधूनमधून डोह. इथल्या माशांनी पिढ्यान्पिढ्या त्या डोहांत उन्हाळा काढला आहे. ज्या पाण्यावाचून त्यांचे चालत नव्हते आणि जे आता त्यांना मिळत नाही, ते मुख्यतः जून-जुलैचे. शेती आणि मासे यांच्यातल्या झगड्यात पाणी किती सोडले यापेक्षा कधी सोडले याला अधिक वजन आहे, आणि ही वेळ कालव्याच्या सोयीने कशी ठरत गेली, याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

मृगाचा पाऊस पडून ओढे वाहू लागले, नदीचे पाणी लाल होऊन चढू लागले की मासे प्रवाहाविरुद्ध निघतात. कोकणात ही वलगण. घाटावर लोक चढणीचे मासे म्हणतात. पाणी थंड होणे, गढूळ होणे आणि वेगाने चढणे या खुणा जुळून आल्याखेरीज बहुतेक जाती अंडी टाकत नाहीत. कुणी भाताच्या खाचरात शिरतो, कुणी काठावरच्या बुडालेल्या गवतात. महसीरसारखा मोठा मासा वरच्या अंगाला, गोट्यांच्या स्वच्छ पात्रात जातो. पूर ओसरताना पिल्ले पाण्याबरोबर खाली येतात आणि डोहांत स्थिरावतात. धरणांपूर्वी या नद्यांत काय होते, याची चांगली नोंद आपल्याकडे आहे. मुंबईच्या लष्करातला अधिकारी विल्यम हेन्री साइक्स १८२४ पासून काही वर्षे दख्खनची सांख्यिकी पाहणी करत होता. त्या काळात त्याने माशांचीही टिपणे केली आणि १८३८ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे ४६ जातींचे वर्णन मांडले. खुद्री, कोळस, बोगट, मुल्या, पोटेल, नुक्ता, शिंगाळा ही नावे त्याने इथल्याच लोकांकडून घेतली आणि ती शास्त्रीय नावांत कायमची बसली. खुद्री, म्हणजे दख्खनचा महसीर, त्याला पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला. त्याच्या यादीतले नुक्ता आणि पोटेल आज संकटग्रस्त मानले जातात. खडकवासल्याचे धरण उभे राहण्याच्या सुमारे चाळीस वर्षे आधीची ही यादी आहे, म्हणून तिचे मोल अधिक.

आणखी एक नोंद कागदावर नाही, नदीकाठावर आहे. महाडजवळची वाळण कोंड, वाडा तालुक्यातले तिळसे, इंद्रायणीकाठची देहू-आळंदी अशा कित्येक ठिकाणी देवाच्या नावाने डोह राखलेले आहेत आणि तिथले मासे मारायचे नाहीत असा दंडक आहे. ही प्रथा नीट पाहिली तर समाजाने नेमके काय राखले हे कळते: उन्हाळ्यातला निवारा. जूनचा पूर राखायची गरज कुणालाच वाटली नाही, कारण तो अडवण्याची ताकदच कुणाकडे नव्हती. खानदेश-बागलाणातली फड पद्धत याच मर्यादेत वाढली. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरचे ते ठेंगणे बंधारे पाणी साठवत नसत, वाहते पाणी वळवत. पूर आला की बंधारा पाण्याखाली जाई. फड पद्धतीचे कौतुक आज तिच्या समन्यायी वाटपासाठी होते आणि ते रास्तही आहे. पण तिचा आणखी एक गुण असा की पावसाळ्यात ती नदीच्या आड फारशी येत नव्हती. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यातही हे जमून आले. पावसाळा सरला की त्याच्या खांबांमध्ये बर्गे, म्हणजे अडवणाऱ्या फळ्या, घालायचे आणि पुढचा पावसाळा येण्यापूर्वी काढायचे, हा त्याचा नियम. तो पुराच्या आणि गाळाच्या भीतीने केला. माशांचा विचार त्यात नव्हता. तरी बर्गे वेळेवर निघाले तर चढणीच्या दिवसांत वाट मोकळी राहते. शेतीला पाणी देणारी प्रत्येक रचना माशांच्या मुळावर येतेच असे नाही, याचा हा पुरावा पंचगंगेच्या खोऱ्यात वर्षानुवर्षे उभा आहे.

साठवणीची धरणे आली आणि गणित बदलले. त्यामागची गरज खोटी नव्हती. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने पूर्वेकडच्या पर्जन्यछायेतले तालुके उद्ध्वस्त केले आणि सह्याद्रीवर पडणारे पाणी पूर्वेला नेणे हाच उपाय दिसू लागला. मुठेवर आधीच सुरू झालेले खडकवासला, नीरेच्या खोऱ्यात भाटघर, पुढे दारणा आणि १९२६ मध्ये प्रवरेवर भंडारदरा. १८७९ च्या मुंबई सिंचन कायद्याने, कालव्यासाठी लागणारे कोणत्याही नदीचे पाणी अधिसूचना काढून वापरण्याचा अधिकार सरकारकडे घेतला. कायद्यात कालवा होता, पाट होता, पाणीपट्टी होती. त्यांच्याशी संबंध नसलेली नदी त्यात जवळपास नव्हतीच. या काळाची दिशा खडकवासल्यावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये बसवलेल्या स्वयंचलित दरवाजांत लख्ख दिसते. सांडव्यावर बसवलेल्या या दरवाजांमुळे साठ्याची पातळी सुमारे ८ फुटांनी वाढली आणि पाणी ठरलेल्या उंचीला पोहोचेपर्यंत दरवाजे उघडत नसत. अभियांत्रिकी म्हणून ही अव्वल कामगिरी होती, यात शंका नाही. तिच्यात गृहीत धरलेला नियम मात्र असा: तलाव भरेपर्यंत नदीला थेंब नाही, भरल्यावर उरेल ते सगळे नदीचे. म्हणजे जूनचा पहिला पूर तलावाचा आणि ऑगस्टचा जास्तीचा लोंढा नदीचा. माशांना हवी होती नेमकी उलट वाटणी.

हे तेव्हा कुणाच्या लक्षात आले नाही असे म्हणायला जागा नाही. सर्जन-मेजर फ्रान्सिस डे याने १८७३ मध्ये हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्यातल्या मत्स्यव्यवसायावर सरकारला अहवाल दिला. बंधाऱ्यांमुळे चढणारे मासे अडतात, खाली गोळा होतात आणि तिथे त्यांची कत्तल होते; पिल्ले कालव्यात शिरतात आणि कालवा बंद झाला की मरतात; म्हणून बंधाऱ्यांत माशांसाठी वाट ठेवा, असे त्याचे म्हणणे होते. चोवीस वर्षांनी, १८९७ मध्ये, भारतीय मत्स्य कायदा आला. त्याने सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारणे गुन्हा ठरवले आणि जाळी, अडणी यांवर नियम करण्याची मुभा प्रांतांना दिली. कायद्याचा हात भोई-कोळ्यांच्या जाळ्यापर्यंत पोहोचला. पाटबंधारे खात्याच्या भिंतीपर्यंत तो गेला नाही. डेच्या अहवालातला मासेमाराविषयीचा भाग सरकारने उचलला आणि अभियंत्याविषयीचा कपाटात ठेवला, असेच त्याचे वर्णन करावे लागेल. गोरगरिबाला नियम लावणे नेहमीच स्वस्त पडते.

मत्स्य खाते उभे राहिले, तेव्हा नदीच्या बाजूने बोलणारे कुणीतरी सरकारातच असायला हवे होते. नदीशी त्या खात्याची गाठ होतीही. तळ्यांत सोडायचे बीज पावसाळ्यात नद्यांतूनच गोळा करावे लागे. नदीत मासे व्याले नाहीत तर तळी रिकामी. ही गाठ १९५७ मध्ये सैल झाली. त्या वर्षी ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी पियुष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प जातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन त्याच घटनेचा आहे. देशाच्या अन्नात या शोधाने घातलेली भर फार मोठी आहे. पण माझ्या मते त्याचा एक अबोल परिणाम झाला: बीजासाठी पुराची वाट पाहण्याची गरज संपली आणि धरणातून जूनमध्ये पाणी सोडा असे पाटबंधारे खात्याला सांगण्याचे मत्स्य खात्याचे कारणही संपले. पुढच्या दोन-अडीच दशकांत कोयना, जायकवाडी, उजनी अशी प्रचंड धरणे झाली. प्रत्येक जलाशयात गंगेच्या मैदानातल्या ओळखीच्या जातींचे बीज सोडण्याचा कार्यक्रम आखला गेला. भिंतीखालच्या नदीसाठी असा कार्यक्रम कुणी आखला नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो दमदार आहे. धरणांनी मासे संपवले कुठे, वाढवले! भिगवणच्या बाजारात जाऊन पाहा. उजनीच्या पाण्यावर किती कुटुंबे जगतात. खरे आहे. पण त्या बाजारात प्रामुख्याने काय येते? चिलापी, म्हणजे आफ्रिकेतून आलेला तिलापिया. तो साचलेल्या पाण्यात घरटे करून वितो, पिल्ले तोंडात सांभाळतो, त्याला पूर नको, गोटे नकोत, चढण नको. जलाशयाला साजेसा मासा जलाशयात फोफावला, यात नवल काही नाही. जलाशयातले उत्पन्न नदीच्या तब्येतीचा दाखला म्हणून पुढे करणे म्हणजे एका वहीची जमा दुसऱ्या वहीत मांडणे. शिवाय जलाशय ठेक्याने जातात. खालच्या चाळीस गावांतला जो भोई उघड्या नदीवर जगत होता, त्याला त्या ठेक्यातून काय मिळाले हा वेगळाच प्रश्न. हॅचरीवर भिस्त ठेवण्याचीही किंमत असते. लोणावळ्याला टाटांच्या तलावाशी गेल्या शतकात महसीरची पैदास सुरू झाली आणि तिने खुद्री टिकवायला मोठा हातभार लावला. तिथली पिल्ले दूरदूर पाठवली गेली. कावेरीत मात्र हाच पाहुणा स्थानिक कुबडा महसीर मागे पडण्याचे एक कारण मानला जातो. इंजेक्शनने मासा वाढवता येतो. त्याची नदी मात्र त्याने परत येत नाही.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत नदीचा वाटा ही कल्पना कागदावर आली, पण तिथेही उन्हाळ्याचाच पगडा दिसतो. २००२ च्या राष्ट्रीय जलनीतीने बारमाही प्रवाहांत किमान प्रवाह ठेवावा असे म्हटले. दख्खनच्या बहुतेक नद्या त्या व्याख्येतूनच निसटतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये नद्यांत कोरड्या हंगामातल्या सरासरी प्रवाहाच्या १५ ते २० टक्के पाणी राखायला सांगितले. ज्या नदीचा कोरड्या हंगामातला प्रवाह मुळातच नगण्य, तिच्या नगण्याचे वीस टक्के! वरच्या गंगेसाठी २०१८ मध्ये काढलेली अधिसूचना जरा शहाणी आहे: नोव्हेंबर ते मार्च २० टक्के, जून ते सप्टेंबर ३० टक्के. म्हणजे हंगामाप्रमाणे प्रमाण बदलायला हवे, हे निदान तिथे मान्य झाले. कृष्णेच्या बाबतीत बच्छावत लवादाने २०६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी तीन राज्यांत वापरासाठी वाटले. पुढे २०१० मध्ये ब्रिजेशकुमार लवादाने किमान प्रवाहासाठी १६ टीएमसी वेगळे काढले. त्यांत महाराष्ट्राचे ३. आकडा लहान आहे म्हणून त्याची थट्टा करणे सोपे आहे. खरी अडचण पुढची आहे: हे ३ टीएमसी वर्षभर शिंपडले तर कुठल्याच माशाला कळणार नाही, आणि निवडक धरणांतून निवडक दिवशी सोडले तर नदी चढली असे त्यांना कळू शकेल.

गोदावरीत तर तारीख कायद्यानेच बांधली गेली आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्याने वरच्या आणि खालच्या धरणांतली तूट समान वाटून घ्यावी असे ठरवले. त्यावरून निघालेल्या २०१४ च्या आदेशानुसार जायकवाडीचा साठा १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांहून कमी असेल तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचे. त्याप्रमाणे २०१५ मध्ये १२.८४ आणि २०१८ मध्ये ८.९९ टीएमसी सोडण्याचे आदेश निघाले, मोर्चे झाले, वाटेतल्या बंधाऱ्यांचे बर्गे काढले गेले, काठावरच्या पंपांची वीज तोडली गेली. मराठवाड्याच्या हक्काच्या दृष्टीने हे पाणी न्याय्य होते, असे माझे स्पष्ट मत आहे. माशांच्या दृष्टीने ते अवेळी होते. नोव्हेंबरात आठ-दहा दिवस नदी दुथडी वाहते आणि एकदम बंद होते. चढून गेलेले मासे उथळ पाण्यात अडकतात आणि हातानेही धरता येतात. तूट वाटून घ्यायची तर त्यातला काही भाग जुलैतच, वरची धरणे भरत असताना, नदीतून खाली जाऊ दिला तर तोच थेंब दोन कामे करील: वाटेत माशांना वाट देईल आणि शेवटी जायकवाडीतच जमा होईल. ओल्या पात्रातून वाहताना वाया जाणारे पाणीही कमी. ऑक्टोबरचा हिशेब जुलैत कसा लावायचा, हा यावरचा खरा आक्षेप. त्याला उत्तर अंदाजी सोडणूक आणि ऑक्टोबरात वळती, असे द्यावे लागेल. किचकट आहे, अशक्य नाही.

वेळ चुकली तर काय होते, हे अमेरिकेतल्या क्लॅमथ नदीने फार कडवटपणे दाखवले. २००१ च्या दुष्काळात माशांच्या संरक्षणासाठी तिथल्या बहुतेक शेतकऱ्यांचे कालव्याचे पाणी बंद झाले आणि उभी शेते वाळली. २००२ मध्ये राजकीय दबावाखाली कालवे पुन्हा सुरू झाले आणि सप्टेंबरात खालच्या नदीत कमी, उबदार पाण्यात दाटीवाटीने थांबलेल्या सामन माशांत रोग पसरला. किमान ३३ हजार मोठे मासे मेले. मेल्यानंतर पाणी सोडण्यात आले. पुढच्या काही वर्षांत शेजारच्या ट्रिनिटी उपनदीवरच्या धरणातून ऑगस्ट-सप्टेंबरात, मासे चढण्याच्या बेतात, ठरावीक दिवस जादा पाणी सोडण्याचा मार्ग धरला गेला. नदीवरची चार धरणे २०२४ पर्यंत पाडली गेली याचा गाजावाजा झाला; ती विजेची होती, शेतकऱ्यांच्या कालव्याची नव्हेत, हे मात्र बातम्यांत हरवले. एका बाजूला सगळे, दुसऱ्या बाजूला शून्य असे दोन हंगाम दोघांनाही बुडवून गेले, आणि आराम मिळाला तो मोजक्या दिवसांच्या पाण्याने.

आता शेतकऱ्याच्या सर्वांत रास्त प्रश्नाकडे यायला हवे. जूनमध्ये पाणी सोडले आणि पुढे पाऊस दडी मारून बसला तर? १९७२ च्या दुष्काळाबद्दल ज्यांच्या घरात अजून बोलले जाते, त्यांना हा प्रश्न विचारायचा पूर्ण अधिकार आहे. म्हणून सगळ्या धरणांना एक नियम लावणे चुकीचे ठरेल. उजनी, जायकवाडी यांसारखी पर्जन्यछायेतली धरणे प्रत्येक वर्षी भरतील याची खात्री नाही. त्यांच्याकडून जूनमध्ये काही मागू नये. घाटमाथ्याखालच्या धरणांची गोष्ट वेगळी. भोगावतीवरच्या राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी जवळजवळ दर पावसाळ्यात येते. जे धरण भरून सांडणारच आहे, त्याने सुरुवातीला सोडलेले पाणी हे ऑगस्टच्या सांडव्यातून कापलेले पाणी असते. रब्बीच्या आवर्तनातून कापलेले नसते. १,००० क्युसेकने दहा दिवस पाणी सोडले तर ०.८६ टीएमसी होते. राधानगरीची क्षमता सुमारे ८.३६ टीएमसी. शिवाय २०१९ च्या महापुरानंतर सांगली-कोल्हापूरकर स्वतःच मागत आहेत की जुलैत धरणे काठोकाठ भरू नका, जागा ठेवा. ती जागा ठेवायची म्हणजे जुलैत पाणी सोडायचेच. पूरनियंत्रण आणि चढण यांचे हित इथे एकाच दरवाजातून जाते. ज्याला पाण्याच्या मोठ्या आकड्यातून माशांसाठी काही काढायचे असेल, त्याने बारमाही उसाकडे पाहावे. १९८० च्या दशकात आठमाही पाण्याचे धोरण ठरले होते आणि ते बऱ्याच कालव्यांवर कागदावरच राहिले. पण तो वाद मोठा आहे आणि माशांना त्याच्या निकालापर्यंत थांबवून ठेवायचे कारण नाही.

मासे धरणाने मेले नाहीत, सांडपाण्याने मेले, असेही म्हणतात. पुण्याखाली मुळा-मुठेत आणि इचलकरंजीच्या परिसरात पंचगंगेत हे बऱ्याच अंशी खरेच आहे; तिथे केवळ पाणी सोडून काही साधणार नाही. परंतु भिंतीपासून पहिल्या शहरापर्यंत जी नदी आहे, तिथे सांडपाण्याचे कारण पुरत नाही, आणि नेमका तोच टापू गोट्यांचा, महसीरचा. अभियंत्यांची हरकत अधिक टोकदार आहे: जुन्या धरणांना सांडव्याच्या खाली नदीत पाणी सोडायची पुरेशी सोयच नाही, कालव्याचे तोंड आहे, विजेचे तोंड आहे, नदीचे नाही. काही ठिकाणी वीजगृहातून सुटलेले पाणी नदीतच येते, तिथे प्रश्न फक्त वेळापत्रकाचा आहे. इतरत्र दुरुस्तीच्या वेळी नदीचे दार बसवावे लागेल आणि त्याला पैसा लागेल. राहिला निर्णयाचा प्रश्न. मासेमारांना कालवा सल्लागार समितीवर घ्या, अशी सूचना अधूनमधून होते आणि ती ऐकायला बरी वाटते. पण ही समिती बसते ती रब्बीच्या तोंडावर आणि उन्हाळी आवर्तनापूर्वी. तोवर चढण होऊन गेलेली असते. पावसाळ्यातले पाणी जलाशय परिचालन सूचीनुसार सुटते: कोणत्या पंधरवड्यात तलाव किती टक्के भरू द्यायचा, याचा तो तक्ता. जून-जुलैच्या रकान्यांत नदीसाठी किती, हे लिहायचे असेल तर ते त्या तक्त्यात, पावसाळ्याच्या आधी, लिहावे लागेल.